हनन्या आणि यिर्मया : संदेष्टा ओळखावा कसा?

दर समसंख्येच्या वर्षी, सामान्य काळातील १८ व्या आठवड्याच्या सोमवारी, मिस्सामध्ये यिर्मयाच्या ग्रंथातील २८ वा अध्याय वाचला जातो. ऑगस्टचा पहिला आठवडा असतो. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि चर्चमध्ये नेहमीची दहा-पंधरा वृद्ध मंडळी असतात. वाचन लांब आणि नावे उच्चारायला अवघड. वाचन करणारा अडखळतो, ऐकणारे घड्याळाकडे पाहतात. या वाचनावर आम्ही कित्येक वर्षे एकच छोटेखानी प्रवचन केले. यिर्मया खरा संदेष्टा, हनन्या खोटा संदेष्टा. खोट्याला देवाने शासन केले. आपण खोट्यांपासून सावध राहावे. चार मिनिटांत प्रवचन संपे आणि कोणाची तक्रार नसे.

आज आम्हांस वाटते की, ते प्रवचन त्या अध्यायावर अन्याय करणारे होते. खरा कोण आणि खोटा कोण हे चटकन ठरवता येईल, असे कोणतेही कोष्टक हा अध्याय आपल्या हाती देत नाही. उलट, ते ठरवणे भल्या भल्या भाविकालाही किती कठीण जाते, हे तो अत्यंत प्रामाणिकपणे दाखवतो. हा प्रश्न केवळ पंडितांचा असता, तर आम्ही त्यावर लिहिण्याच्या भानगडीत पडलो नसतो. परंतु कोणत्याही धर्मग्रामातील धर्मगुरूला वर्षातून अनेकदा कोणी ना कोणी येऊन विचारते : "फादर, प्रार्थनासभेत अमक्याने असे असे सांगितले. ते देवाकडून आले असेल का?" त्या प्रश्नाला उत्तर देताना आमच्या हातून एकदा मोठी चूक घडली. तिच्याविषयी पुढे सांगू. आधी अध्याय पाहू.

इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. तरुण राजा यखन्या, दरबारी, कारागीर आणि योद्धे बंदिवान होऊन गेले. मंदिरातील मौल्यवान पात्रेही गेली. मागे सिद्कीया नावाचा राजा गादीवर बसवण्यात आला. त्याच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ५९४-५९३ च्या सुमारास, पाचव्या महिन्यात हा प्रसंग घडतो. हिब्रू पंचांगातील पाचवा महिना आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये येतो; तेव्हा वाचनाचा दिवस आणि प्रसंगाचा महिना यांचा सहजच मेळ बसतो.

त्या सुमारास यरुशलेममध्ये अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सिदोन या शेजारी राज्यांचे वकील जमले होते. बाबेलविरुद्ध एकजुटीने उठाव करण्याची बोलणी चालू असावीत. लोकांच्या आशेला काही आधारही होता. बाबेलच्या इतिवृत्ताची एक मृत्तिकापट्टी १९५६ साली प्रसिद्ध झाली. यरुशलेमच्या पाडावाची नोंद तिच्यात आहे, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी खुद्द बाबेलमध्ये बंड होऊन ते मोडून काढल्याचीही नोंद आहे. साम्राज्याला तडा जात आहे, असे यरुशलेमकरांना वाटले असल्यास नवल नाही. अशा वेळी यिर्मया मानेवर लाकडी जोखड घेऊन फिरत होता आणि बाबेलचे जोखड सहन करा, त्यातच तुमचे जगणे आहे, असे सांगत होता. देशद्रोही ठरण्यास एवढे पुरेसे होते.

मंदिरात, याजकांसमोर आणि लोकांसमोर, गिबोनचा हनन्या उभा राहतो. परमेश्वराने बाबेलच्या राजाचे जोखड मोडले आहे. दोन वर्षांच्या आत पात्रे, राजा आणि बंदिवान परत येतील, असे तो जाहीर करतो. यिर्मया उत्तर देतो. हनन्या यिर्मयाच्या मानेवरील जोखड काढून सर्वांसमक्ष मोडतो. यिर्मया निघून जातो. काही काळाने तो परततो तो दुसरे वचन घेऊन : लाकडाचे मोडलेस, त्याच्या जागी लोखंडाचे आले, आणि तू याच वर्षी मरशील. सातव्या महिन्यात हनन्या मरण पावतो. प्रसंग एवढाच आहे.

आता या कथनाची घडण पाहावी. मूळ हिब्रू पाठात हनन्याच्या नावापुढे 'संदेष्टा' हे पद एकदा नव्हे, सहा वेळा आले आहे. तो भाकीत सांगतो तेव्हा तो संदेष्टा आहे, जोखड मोडतो तेव्हा संदेष्टा आहे, यिर्मया त्याला दोष देतो तेव्हा संदेष्टा आहे आणि त्याच्या मृत्यूची नोंद होते तेव्हाही तो संदेष्टाच आहे. यिर्मयाच्या नावापुढेही तेच पद आहे. 'खोटा संदेष्टा' असा स्वतंत्र शब्द हिब्रू बायबलला ठाऊकच नाही. त्या काळच्या श्रोत्याला जे दिसत होते तेच ग्रंथ आपल्याला दाखवतो : एकाच मंदिरात, एकाच देवाच्या नावाने बोलणारे दोन संदेष्टे.

पुढे ग्रीक भाषांतर झाले. त्या भाषांतरात हा अध्याय ३५ वा आहे, आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात हनन्याला 'खोटा संदेष्टा' म्हटले आहे. त्यानंतर त्याला संदेष्टा म्हटलेलेच नाही. नुसते नाव येते. भाषांतरकाराचा हेतू चांगलाच असणार. वाचकाची फसगत होऊ नये, अशी त्याची इच्छा असावी. परंतु एका शब्दाने त्याने वाचकाचे सारे काम काढून घेतले. पडदा उघडण्यापूर्वीच खलपुरुष कोण हे सांगितल्यावर नाटकात काय उरते? लॅटिन वुल्गाता भाषांतराने 'संदेष्टा' हेच पद कायम ठेवले, ही समाधानाची गोष्ट. आमचे चार मिनिटांचे प्रवचन मात्र त्या ग्रीक भाषांतरकाराच्याच वाटेने गेले होते.

हनन्याला कमी लेखू नये, याला आणखीही कारणे आहेत. त्याच्या नावाचा अर्थ 'परमेश्वराने कृपा केली' असा आहे. तो ज्या गिबोनचा, ते याजकांचे नगर. यिर्मयाचे अनाथोथही याजकांचेच. तो दुसऱ्या देवाच्या नावाने बोलत नाही. सेनाधीश परमेश्वर, इस्राएलचा देव, याच्याच नावाने बोलतो आणि यिर्मयाचीच शब्दयोजना वापरतो. त्याच्या शिकवणुकीतही उघड पाखंड नाही. शंभर वर्षांपूर्वी, इ.स.पूर्व ७०१ मध्ये, अश्शूरच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला असताना यशयाने, नगर पडणार नाही, असे सांगितले होते आणि ते पडले नाही. जुलमी सत्तेचे जोखड देव मोडतो, ही प्रतिमाही यशयाचीच. हनन्या यशयाचाच धडा गिरवत होता. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी या प्रसंगावर लिहिताना नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. काल जे वचन खरे होते तेच आज, वेगळ्या घडीला, जसेच्या तसे उच्चारले तर खोटे ठरू शकते. हनन्याला धर्मसिद्धांत पाठ होता; देव या घडीला काय म्हणतो आहे, हे ऐकायला मात्र तो थांबला नाही.

मग ओळखायचे कसे? 'अनुवाद' या ग्रंथात दोन कसोट्या आहेत. १८ वा अध्याय म्हणतो की, सांगितलेले घडले नाही तर ते वचन परमेश्वराचे नव्हे. १३ वा अध्याय म्हणतो की, चिन्ह खरे ठरले तरी तो मनुष्य तुम्हांला अन्य देवांच्या मागे नेत असेल तर त्याचे ऐकू नका. दुसरी कसोटी हनन्या सहज उत्तीर्ण होतो. पहिली कसोटी योग्यच आहे. परंतु तिचा निकाल दोन वर्षांनी लागणार, आणि निर्णय तर आज घ्यायचा आहे. शिवाय तीही सरळ नाही. निनवे ४० दिवसांत उलथून पडेल, असे योनाने सांगितले. ते पडले नाही, कारण लोकांनी पश्चात्ताप केला. म्हणून योना खोटा ठरला काय? यिर्मयाच्याच २६ व्या अध्यायात त्याच्यावर मृत्युदंडाची वेळ आली असता वडीलधारी मंडळी मीखा संदेष्ट्याचे उदाहरण देतात. सियोन शेतासारखे नांगरले जाईल असे मीखाने म्हटले होते. हिज्कीया राजाने देवाचे भय धरले आणि ते अरिष्ट टळले. म्हणजे न घडलेल्या भाकिताचा दाखला देऊन खऱ्या संदेष्ट्याचा जीव वाचवण्यात आला! जुन्या मराठी ख्रिस्ती लेखनात संदेष्ट्याला 'भविष्यवादी' असेही म्हटलेले आढळते. तो शब्द मागे पडला हे बरे झाले. संदेष्ट्याचे काम पुढचे सांगण्याचे नसून, पुढचे बदलावे म्हणून आज बोलण्याचे आहे.

हनन्या मेला, म्हणजे तो खोटा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तोही त्याच २६ व्या अध्यायाने रोखला आहे. उरीया नावाचा संदेष्टा यिर्मयासारखेच बोलत होता. तो मिसरला पळाला. राजाने त्याला तेथून धरून आणवले आणि ठार केले. मरण खऱ्यालाही येते. आणि हनन्याच्या मृत्यूची बातमी सातव्या महिन्यातली आहे. पाचव्या महिन्यात मंदिरात उभ्या असलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नव्हता. तो माणूस म्हणजेच आपण.

तरीही अध्याय आपल्याला अगदी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. यिर्मयाच्या वागण्यातल्या दोन गोष्टी तो नोंदवतो आणि त्यांवर भाष्य न करता पुढे जातो. पहिली गोष्ट, त्याचे पहिले उत्तर 'आमेन' असे आहे. परमेश्वर तसेच करो, तुझे शब्द खरे होवोत, अशी तो इच्छा करतो. काही भाष्यकार यात उपरोध पाहतात. आम्हांस तो उपरोध वाटत नाही. जो माणूस आपल्या लोकांसाठी इतका रडला, त्याला आपले भाकीत खोटे ठरावे असे मनापासून वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्या 'आमेन'नंतर लगेच 'परंतु' येतो. इच्छा आणि वचन यांची तो गल्लत करत नाही. आपल्या आधीचे संदेष्टे युद्ध, दुष्काळ आणि मरी यांविषयी बोलत आले. शांतीचे भाकीत करणारा मात्र ते घडल्यावरच ओळखला जाईल, एवढेच तो सांगतो. लोकांना जे हवे तेच सांगणाऱ्याकडून अधिक पुरावा मागावा, असा याचा आशय आहे.

दुसरी गोष्ट, जोखड मोडल्यावर यिर्मया निघून जातो. लोक पाहत आहेत, अपमान झाला आहे, आणि त्याच्याजवळ त्या क्षणी उत्तर नाही. तो ते तयार करत नाही. आम्हांस ही ओळ साऱ्या अध्यायाचे मर्म वाटते. देवाचे वचन आपल्या खिशात नसते, हे ज्याला कळते तोच गप्प राहू शकतो.

यांना तिसरी गोष्ट जोडावी ती ३२ व्या अध्यायातून. यरुशलेमला शेवटचा वेढा पडला आहे, यिर्मया कैदेत आहे, आणि तो अनाथोथचे एक शेत १७ शेकेल रुपे मोजून विकत घेतो. या देशात पुन्हा घरे आणि मळे घेतले जातील, ही त्याची आशा आहे. म्हणजे आशा सांगणे हे खोटेपणाचे लक्षण नव्हे. मंदिराची पात्रे पुढे इ.स.पूर्व ५३८ च्या कोरेशच्या आज्ञेनंतर परत आलीही. फरक एवढाच की, हनन्याची आशा ऐकणाऱ्यांना काहीही मोजावे न लावता सुटका देऊ करत होती. यिर्मयाने आशेचे मोल प्रथम स्वतःच्या थैलीतून दिले.

नव्या करारातही सोपा मार्ग नाही. प्रभु येशू फळांवरून ओळखायला सांगतो; पण फळ धरायला हंगाम लागतो. त्याच्या नावाने संदेश देणारे आणि भुते काढणारे काही जण त्याच्या ओळखीचे नसतील, असेही तो तेथेच बजावतो. संत पौल करिंथकरांना सांगतो की, दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी पारख करावी. थेस्सलनीकाकरांना तो आत्म्याला विझवू नका म्हणतो आणि सर्व काही पारखून घ्या असेही म्हणतो. पारख हे एकट्याचे काम नाही आणि घाईचेही नाही.

पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सांध्यावरील 'दिदाखे' या ग्रंथात तर व्यवहारी नियमच आहेत. या ग्रंथाचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले आणि १८८३ मध्ये ते छापले गेले. फिरतीवरील प्रेषित तीन दिवस राहिला तर तो खोटा. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने मेजवानी मांडायला सांगून स्वतःच जेवला तर खोटा. मात्र गरजूंसाठी मागितले तर त्याला दोष देऊ नये. भोंदू माणूस ओळखण्यास हे नियम आजही उत्तम आहेत. परंतु हनन्या भोंदू नव्हता. त्याने पैसे मागितल्याची नोंद नाही. प्रामाणिक माणसाच्या चुकीला 'दिदाखे' पुरी पडत नाही.

पारख करणारे अधिकारीही चुकतात. जोन ऑफ आर्क हिला बिशपांच्या अध्यक्षतेखालील न्यायासनाने पाखंडी ठरवले आणि ३० मे १४३१ रोजी रुआँ येथे तिला जाळण्यात आले. १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला. १९२० मध्ये ती संत म्हणून घोषित झाली. धर्मसभेचा इतिहास सांगताना हे पान उलटून टाकू नये. व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने १७ मे २०२४ रोजी कथित दर्शने आणि साक्षात्कार यांबाबत नवे नियम प्रसिद्ध केले, त्यांत ही सावधगिरी स्पष्ट दिसते. निर्णयाचे सहा प्रकार सांगितले आहेत. आणि त्यांतला सर्वांत अनुकूल निर्णयही, घटना अलौकिक आहे, असे म्हणत नाही. आक्षेप नाही, एवढेच म्हणतो, आणि ती मानण्याची सक्ती कोणावर करत नाही. ज्यांना हे गुळमुळीत वाटते त्यांनी, उत्तर नसताना निघून जाणारा यिर्मया आठवावा.

आता आमच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो तेथील एका बाईंची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागे. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रार्थना घेणाऱ्या गृहस्थांनी, ही बहीण ईस्टरपर्यंत बरी होईल, असा शब्द आपल्याला मिळाल्याचे सांगितले. तो मनुष्य लबाड नव्हता. त्याने एक पैसाही घेतला नाही. पुढे अंत्यविधीला येऊन तो रडला. बाईंचे पती आमच्याकडे आले आणि हे खरे मानावे का, असे त्यांनी विचारले. मुले दाराशी उभी होती. डॉक्टरांचे म्हणणे आम्हांस ठाऊक होते. आम्ही म्हणालो, "विश्वास ठेवा, देव सगळे चांगलेच करील."

आम्हांस वाटले, आपण धीर दिला. त्यांनी ऐकला तो होकार. त्या आठवड्यात दोन्ही वेळा त्यांनी डायलिसिस चुकवले. बाईंना धावपळ करून पुन्हा इस्पितळात न्यावे लागले. झावळ्यांच्या रविवारापूर्वी त्या गेल्या. आजार इतका वाढलेला होता की त्या तशाही फार दिवस काढू शकल्या नसत्या, असे डॉक्टर म्हणाले. तेही खरे असेल. महिन्याच्या मिस्सानंतर त्यांचे पती आम्हांला भेटले. त्यांनी दोष दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "फादर, मी विचारले तेव्हा तुम्हांला स्वतःला काय वाटत होते?"

आमच्यापाशी उत्तर होते, म्हणूनच ते देता आले नाही. आम्हीही 'आमेन' म्हटले होते; परंतु त्यानंतर यिर्मयाने उच्चारलेला 'परंतु' आम्ही गिळला होता. भाकीत दुसऱ्याचे होते, पण त्यावर मोहोर आमची उमटली. तेव्हापासून २८ व्या अध्यायातील हनन्या आम्हांस परका वाटत नाही. धर्मपीठावरून जो बोलतो, आजाऱ्याच्या उशाशी जो बसतो, त्या प्रत्येकाला हनन्याचे काम सोपे आणि प्रेमळ वाटते. लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलेस, हा यिर्मयाने त्याच्यावर ठेवलेला दोष आहे. त्याचा हेतू वाईट होता, असे तो कोठेही म्हणत नाही.

आता कोणी तोच प्रश्न घेऊन आले, तर आम्ही आधी आम्हांस जे ठाऊक आहे ते सांगतो, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतो, औषध बंद करू नका असे बजावतो, आणि मग त्यांच्यासोबत गुडघे टेकून, तसेच होवो, अशी प्रार्थना करतो. हा क्रम आम्ही उशिरा शिकलो. संदेष्टा खरा की खोटा, हे प्रत्येक वेळी आम्हांस सांगता येईलच असे नाही. परंतु आम्ही स्वतः काय ऐकू इच्छितो, आणि समोरच्याला काय ऐकवणे आम्हांस सोयीचे आहे, एवढे तरी त्या वेळी तपासून पाहता येते.

वाचकांनी हा अध्याय घरी एकदा सावकाश वाचावा, शक्य तर २६ व्या अध्यायापासून आरंभ करावा. आणि वाचताना हनन्याच्या नावापुढचे 'संदेष्टा' हे पद वगळू नये.